पलंगाखालचा वजनकाटा

सकाळी ऑफिसात आल्यावर पहिला अर्धा तास आमचे सर कोणाशीही बोलत नसत. डब्याची पिशवी खुंटीला लावायची, कॉलरखाली रुमाल घालायचा, मापं नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचं बटण दाबायचं आणि त्याच्याशेजारी स्टुलावर गप्प बसून राहायचं. नवीन आलेला माणूस ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचा, उत्तर यायचं नाही आणि तो बिचारा दिवसभर काळजीत पडायचा. मीही पडलो होतो. मग सेलमनं मला समजावून सांगितलं, की यंत्र चालू केल्यावर आतली सर्किटं तापून स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, तोवरचं कुठलंही माप सर खरं धरत नाहीत, आणि माणसांनाही त्यांनी तोच नियम लावलाय. पहिल्या अर्ध्या तासात माणूस जे काही बोलतो त्यात घरचं भांडण, बसमधले धक्के आणि डोक्यावरचं ऊन मिसळलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

सेलम हे त्या गृहस्थांचं नाव नव्हे, गाव. ते आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. सर सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारत. हिशेबाच्या टेबलावरची मुलगी मदुरै होती, मी जळगाव. चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा कंपनीत माझी नोकरीची पहिली वर्षं गेली, पण माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं घराणं. मी रुजू झालो त्या दिवशी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, “तूं जेवलास कीं नाहीं?” मला वाटलं, चेष्टा करताहेत. पोथीतल्यासारखं मराठी, आणि तेही तमिळच्या चालीवर. पण चेष्टा नव्हती. घरात ते तसंच बोलत. आमच्या दोघांच्या मराठीत एवढं अंतर होतं की कामाची गोष्ट आली की आम्ही मुकाट्यानं इंग्रजीवर जायचो. मनातलं काही सांगायचं असेल तरच ते मराठीत बोलत, आणि ते फार क्वचित.

आमचं काम वजनं मोजायचं. दुकानातली नव्हे, कोळशाचे नरसाळ्यासारखे हॉपर, तेलाच्या टाक्या, सिमेंटच्या उंच कोठ्या, म्हणजे सायलो. असल्या वस्तूंना तराजूत घालता येत नाही, म्हणून त्यांच्या पायांखाली लोडसेल बसवतात. लोडसेल म्हणजे दिसायला पोलादाचा ठोकळा. वजन आलं की तो डोळ्यांना कळणार नाही इतका वाकतो, आणि आत चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांमधून वीज जायला किंचित जास्त किंवा कमी अडथळा होतो. अशा चार पट्ट्या चौकटीच्या चार बाजूंसारख्या जोडायच्या. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना वीज द्यायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमधला फरक मोजायचा. याला ब्रिज म्हणतात. ओझं नसलं की फरक शून्य. आणि टनभर कोळसा पडला तरी फरक व्होल्टच्या हजाराव्या भागांत. एक सैल स्क्रू, जराशी ओल, शेजारून गेलेली मोटरची केबल, एवढ्यानंही माप बिघडतं.

म्हणून सरांचा पहिला संशय नेहमी स्वतःवर. ग्राहकाचा फोन आला की टाकीचं वजन भलतंच दिसतंय, तर बाकीचे विचारायचे, टाकीत काय भरलंय? सर म्हणायचे, “आधीं आपली वायर पाहूं.” चार वायरींनी जिथं भागतं तिथं ते सहा टाकत. दोन वीज नेणाऱ्या, दोन माप आणणाऱ्या, आणि उरलेल्या दोन, पाठवलेली वीज तिथं प्रत्यक्षात किती पोचली ते परत येऊन सांगणाऱ्या. मालक म्हणत, एवढं तांबं कशाला खर्ची घालता? सर त्यांना शांतपणे सांगत, की पाठवलेलं पोचलं असं आपण धरून चालतो. विचारत कोणी नाही.

त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत बायकांचा केस वाळवायचा ड्रायर असे. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी तो बाहेर काढून बघायचा, मग सरांच्या विरळ केसांकडे बघायचा. सर काही खुलासा करत नसत. एन्नोरला कोळशाच्या हॉपरचं माप दर सकाळी भरकटायचं म्हणून आम्हाला बोलावलं होतं. तिथल्या धुळीत जंक्शन बॉक्स उघडला तर वायरींच्या गुंत्यात ओल धरलेली, आणि एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी. खाली मॅनेजर घड्याळ बघत उभा. सरांनी ड्रायर बाजूला ठेवला, पिशवीतून कापूस काढला, अंडी त्यात गुंडाळली आणि शिडी उतरून सावलीतली एक फट शोधायला निघाले. पहिली फट पसंत पडली नाही. दुसरीत मुंग्या होत्या. मॅनेजर माझ्याकडे बघून तमिळमध्ये बरंच काही बोलला. मला तेव्हा तमिळ येत नव्हतं, हे बरंच झालं. अंडी नीट ठेवून झाल्यावरच सरांनी बॉक्स वाळवायला घेतला.

असा हा माणूस. लग्न केलेलं नव्हतं. सैदापेटला जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आई आणि ते. आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी वजन करा. एक-दोन दिवसांत एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजायचं आणि लगेच फोन करायचा. पण आईला काट्यावर उभं राहवत नव्हतं. मग सर तिला उचलून स्वतः काट्यावर उभे राहत आणि आपलं वजन वजा करत. आईला हे मुळीच खपत नसे. मी काय तांदळाची गोणी आहे का, असं ती रोज विचारायची, आणि रोज या वादावादीत तिला धाप लागायची.

एका सोमवारी सरांचा अर्धा तास संपला आणि ते थेट माझ्याकडे आले. एका रद्द झालेल्या ऑर्डरीतले चार लोडसेल कपाटात पडून होते. मालकांची परवानगी त्यांनी घेतली होती. येत्या रविवारी घरी येशील का, असं त्यांनी विचारलं.

रविवारी मी गेलो. सागवानी पलंग, चांगला जड. आई खुर्चीत बसून आमच्यावर लक्ष ठेवत होती. लहानखुरी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आवाज मात्र खणखणीत. माझं बोलणं थोडं ऐकून ती मुलाला म्हणाली, “ह्याचें मराठी रेडिओसारखें आहे.” मग सरांना मला डांगर पच्चडी वाढायला लावली आणि जळगावात लोक दह्यात उडदाचं पीठ कालवून खातात की नाही, याची चौकशी केली. नाही म्हटल्यावर तिला आमची दया आली.

गाडीच्या जॅकनं एकेक पाय उचलून आम्ही खाली लोडसेल बसवले. मी म्हटलं, चारही एकत्र जोडून टाकू, एकच आकडा येईल. ऑफिसात आम्ही तसंच करायचो. सर नको म्हणाले. चार पायांचं चार ठिकाणी माप हवं; एक बिघडला तर कोणता बिघडला हे कळलं पाहिजे. चौघांच्या सहा-सहा वायरी, सगळ्या भिंतीच्या कडेनं नेऊन देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर लॉगरला जोडल्या. गादी, उशा, पांघरूण ठेवून शून्य घेतलं. मग आईला हलकेच निजवलं. छोट्या पडद्यावर आकडा आला, जरासा डोलला आणि थांबला. सरांनी वाकून आईला सांगितलं, की आता तुला कोणी उचलणार नाही. तिनं त्यांच्या कॉलरखालचा रुमाल ओढून सरळ केला.

हा काटा उपयोगी पडला. एकदा पायांवर सूज दिसायच्या आधीच वजन चढलेलं सरांना कळलं आणि डॉक्टरांनी वेळीच गोळी वाढवली. सर सकाळचा आकडा पडद्यावर बघून फोनवर कळवायचे. दिवसभराची बाकीची मापं लॉगरमध्ये साठत राहायची; ती ते शनिवारी ऑफिसात आणून संगणकावर आलेख काढून बघायचे.

अशाच एका शनिवारी त्यांनी मला बोलावलं. आलेखावर आईचा दिवस दिसत होता. दिवसभर सोबतीला ठेवलेली बाई तिला धरून न्हाणीघरात न्यायची तेव्हा रेघ खाली पडायची, परत आणलं की वर यायची. मला कोणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं. पण सरांचं बोट दुपारवर होतं. दोन-अडीचच्या सुमाराला रेघ एकदम वर चढत होती, तास-दीड तास तिथंच राहत होती आणि पुन्हा खाली येत होती. आठवड्यात तीन-चारदा. वाढ बहुतेक सगळी पलंगाच्या पायथ्याच्या उजव्या पायावर.

“खोटें माप आहे,” सर म्हणाले. “वायर पाहावी लागेल.”

मग त्यांनी वायर पाहिली. पुढचे किती तरी रविवार ते तेच करत होते. उजव्या पायाचा लोडसेल बदलला. जोडांना पुन्हा डाख दिला. दुपारी ऊन त्या बाजूनं येतं म्हणून खिडकीला पडदा लावला. खालच्या मजल्यावरच्या बाई दुपारी ग्राइंडरवर इडलीचं वाटतात, त्याच्या मोटरचा त्रास असेल म्हणून लॉगरला बॅटरीवर टाकलं. रेघ दुपारी चढायची ती चढतच राहिली.

मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. सदुसष्ट-अडुसष्ट किलो, पायथ्याशी, उजव्या कडेला. पलंगावर कोणीतरी येऊन बसत होतं. दिवसभर आईजवळ असायची ती बाई अगदीच काटकुळी होती, तिचं हे वजन नव्हे. शेवटी मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, “सर, कोणी माणूस बसत असेल का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वायर गुंडाळत राहिले. वेटोळं बांधून झाल्यावर म्हणाले, की घरी कोणी येत नाही.

सेलमला विचारलं तेव्हा त्यांनी इकडे तिकडे बघून मला सांगितलं. सरांना एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे आहे, जॉर्ज टाउनमध्ये. लग्नपत्रिकांच्या कागदाचं दुकान आहे, सासऱ्याचं. त्या दुकानातल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. ती दुसऱ्या जातीची, घरी तमिळ बोलणारी. वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. वडील गेले तेव्हा तो स्मशानात येऊन लांब उभा राहिला आणि निघून गेला. दोघा भावांत पुढं एक शब्द झाला नाही. हे सगळं मी त्या कंपनीत यायच्या कितीतरी आधीचं.

एका बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर सरांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि मला म्हणाले, चल, घरची वायर पाहून येऊं. माझ्या मोटरसायकलवर मागं पिशवी मांडीवर धरून ते बसले. आम्ही सैदापेटला निघालो.

जिना चढून वर आलो तर दाराबाहेर पुरुषाच्या चपला होत्या. दार लोटलेलं. आतून एक पुरुषी आवाज येत होता, सरांसारखंच ते जुनं मराठी बोलणारा. दुकानात आलेल्या कुठल्या तरी नवरदेवाच्या बापाची तो नक्कल करत होता. पत्रिकेवर गणपती छापायचा होता आणि बापाला तो गणपती आपल्या व्याह्यासारखा दिसत होता, असं काहीतरी. आणि आई हसत होती. धाप लागेल म्हणून थांबत थांबत, पण खुदखुदून. मी त्या घरात बऱ्याचदा गेलो होतो. तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. सरांनी किती दिवसांनी ऐकलं, कोण जाणे.

ते चपलांकडे बघत उभे होते. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगानं पार झिजलेली होती.

“असाच चालतो तो,” ते पुटपुटले. “लहानपणापासून.”

मला वाटलं, आता आत जातील. त्यांचा हात दाराकडे गेलाही. मग तो खाली आला. पिशवीतली हत्यारं वाजू नयेत म्हणून त्यांनी ती छातीशी धरली आणि एकेक पायरी बघत खाली उतरले. कोपऱ्यावर कॉफीचं दुकान होतं. तिथं आम्ही उभ्यानं कॉफी घेतली. त्यांनी पेला रिकामा करून ठेवला आणि म्हणाले, “वायर बरी आहे.”

मी मान हलवली. रस्त्यावरून बस गेली, धूळ बसली. मग ते मराठीत बोलायला लागले. माझ्याशी बोलत होते असंही नाही.

“लोक म्हणतात, बाबांनी त्यास काढिलें. बाबा आंत गप्प बसले होते. एक शब्द नाहीं बोलले. दारांत उभा मी होतों. जा म्हणून मीच म्हटलें.”

मी विचारलं, “मग आत का नाही गेलात?”

“मी आंत गेलों तर तो उठेल,” ते म्हणाले. “आई हसते आहे.”

त्यानंतर दुपारच्या मापाचा विषय त्यांनी काढला नाही. पण दोन गोष्टी झाल्या. रोज सकाळी निघताना ते बाईला सांगायला लागले, की दुपारी कॉफी थोडी जास्तीची करत जा. आणि पायथ्याच्या उजव्या बाजूला जमिनीवरून एक वायर आडवी जायची, ती त्यांनी उखडून भिंतीकडून फिरवून घेतली. मला म्हणाले, कोणाचा पाय अडकेल. कोणाचा ते मी विचारलं नाही, आणि आईनंही विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, वायर हलवलीस ते बरं केलंस. तिला सगळं कळलं होतं असं मला तेव्हाही वाटलं. पण त्या घरात तिघंही एकमेकांना सांभाळत इतकी हळू पावलं टाकत होती, की त्यात आपण काही बोलून जायची भीती वाटायची.

हे असंच चालू राहिलं असतं. सरांकडे वाट बघायची ताकद भरपूर होती. आईकडे नव्हती.

उन्हाळ्याच्या दिवसांत एका दुपारी बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. आमच्या मापनाच्या खोलीत फोनला बंदी होती, म्हणून मी बाहेर जाऊन घेतला. पलीकडचा माणूस तमिळमध्ये सरांना विचारत होता, मग काय वाटलं कोण जाणे, मराठीत म्हणाला, “मी त्यांच्या घरून बोलतों.” मागं आईचा श्वास मला फोनवर ऐकू येत होता, ओला, घरघरणारा.

मी आत जाऊन सरांना सांगितलं. ते एका सेलची चाचणी घेत होते. माप अर्ध्यावर होतं. अर्ध्यावर माप सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. ते उठले, कोणतंही बटण न दाबता बाहेर आले आणि फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज ऐकला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती.

“तिला बसती कर,” ते म्हणाले. “पाठीशीं उश्या दे. खिडकी उघड. मी गाडी घेऊन येतों.” मग थांबले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मला वाटतं, तुम्ही याल तेव्हा मी निघू का, असं तो विचारत असेल.

“नाहीं,” सर म्हणाले. “तूं जाऊं नकोस. ऐकलेंस कीं? जाऊं नकोस.”

आम्ही पोचलो तेव्हा भावानं आईला छातीशी टेकवून बसवलं होतं. तिला खुर्चीत बसवलं; सरांनी एका बाजूनं धरलं, त्यानं दुसऱ्या बाजूनं, आणि खुर्चीसकट तिला जिन्यावरून खाली आणलं. जिन्यात बोलणं झालं ते एवढंच: सावकाश, उजवीकडे, जरा थांब. गाडीत मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये आई होती. मी पुढं बसलो होतो आणि मुद्दाम मागं वळून पाहिलं नाही.

त्या खेपेला ती वाचली. पुढं वर्ष-सव्वा वर्ष होती. आता ती नाही; सर निवृत्त झालेत आणि मीही पुण्याला येऊन बरीच वर्षं झाली. पण चेन्नई सोडायच्या आधी मी निरोप घ्यायला गेलो होतो ती संध्याकाळ मला आठवते. आई उशीला टेकून बसली होती. पायथ्याशी भाऊ, तिचा एक पाय मांडीवर घेऊन चेपत होता. त्याची बायको स्वयंपाकघरात बाईशी तमिळमध्ये बोलत होती. सरांसारखाच चेहरा, पण भाऊ बोलका. सर शंभर वाक्यांना एक उत्तर देत होते. आई माझ्याकडे बघून तक्रारीच्या सुरात म्हणाली, की पूर्वी एकेकटे येऊन माझ्याशी बोलायचे, आता मला मध्ये ठेवून दोघंच भांडतात.

इस्पितळातून आल्यावर डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ वजन बघायला सांगितलं होतं. वेळ झाली तसे सर उठले आणि लॉगरपाशी गेले. मापाच्या वेळी पलंगाला कोणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे. मी सवयीनं लोखंडी कपाटाजवळ सरकून उभा राहिलो. भाऊ उठायला लागला. पण आईचा डोळा लागला होता, आणि पाय त्याच्या मांडीवर तसाच होता.

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बस,” ते म्हणाले. “तुझें वजन मज ठाऊक आहे.”

आणि पडद्यावरचा आकडा स्थिर होण्याची वाट बघत उभे राहिले.